दुभाष्याची बहीण

माकडाचं वर्ष, १९२०. दुसरा महिना, नदीचा बर्फ फुटायच्या आधी

दादास,

आई म्हणते, पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारावी. तर तुझी तब्येत कशी आहे? वहिनीची, मुलांची? झालं. आता कामाचं लिहिते.

आईला उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही. डाव्याने उजेड आणि अंधार तेवढा कळतो. "दोल्सेला कळवू नकोस, तो उगाच काळजी करील," असं मला बजावलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी विचारते, "कळवलंस का?" म्हणून कळवते आहे.

बाबा गेले तेव्हा तुला निरोप आला नाही, त्याचा राग धरला असशील. पण बाबांनीच तसं बजावून ठेवलं होतं. आपला देश बळकावून बसलेल्या जपान्यांच्या पोलीस ठाण्यात तू दुभाष्याची नोकरी धरलीस त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. आईचं तसं नाही. ती म्हणते, "नदीच्या त्या काठाला राहिला, त्या काठाची भाकरी खातो, त्यात काय एवढं?" हे ती शेजारणींसमोर म्हणते आणि मला मान खाली घालावी लागते.

आम्ही बरे आहोत. राळे गेल्या वर्षी बरे पिकले, त्यातला मोठा वाटा चिनी जमीनदाराने नेला, उरला तो आमचा. माझ्या बोकसिलचे बाबा उत्तरेला लाकडाच्या कामावर गेलेत. कधी येतील सांगता येत नाही, लाकडाचं काम लांबतं. मामंजी खोकतात. मी थंडीभर गवती जोडे वळले, बाजारात विकायला. खोऱ्यातल्या सगळ्याच बायका यंदा जोडे वळतायत.

एक काम कर. जाड कापडाच्या सुया पाठव. इथल्या दुकानातल्या वाकतात. गोधड्या शिवायच्या आहेत.

मीठवाले हान आजोबा हे पत्र आणतील. त्यांना गरम काहीतरी प्यायला दे, आणि ठाण्यासमोर नको, घरी बोलव.

आणि इकडे येऊ नकोस. आई कितीही म्हणाली तरी. तू काय करतोस हे गावाला ठाऊक आहे.

मालसुन


पाचवा महिना

दादास,

सुया मिळाल्या. दोन पुड्या धाडल्यास आणि सोबत एवढीच चिठ्ठी, "गोधड्यांना खिसे नसतात, हे ध्यानात ठेव." मी वाचून हसले आणि मग दार लावून पुन्हा वाचली. म्हणजे तुला ठाऊक आहे. ठाऊक असून पाठवल्यास.

मग आता लपवून काय करू? वाचून झालं की चुलीत घाल.

हो, डोंगरात लढणाऱ्या आपल्या माणसांसाठी कोट शिवतो, जोडेही त्यांचेच. पांढरं कापड डोंगरात लांबून दिसतं, म्हणून ओकच्या सालीत उकळून घेतो. आमचे हात कोपरापर्यंत काळे झालेत. पिल्दोची आई, आमची शेजारीण, बाजारात गेली तर चिनी दुकानदाराने विचारलं, "बाई, तुम्ही सगळ्या कोळसे खाता की काय?"

बोकसिलचे बाबा परत आले. लाकूड आणलं नाही. रशियाच्या हद्दीपलीकडे कुठल्याशा लांबच्या देशाचे सैनिक घरी परतायला जहाजाची वाट पाहत होते. त्यांनी बंदुका विकल्या. इथल्या बायकांनी केसांतल्या चांदीच्या सळया दिल्या होत्या, मामंजींनी बैल विकला होता. यांनी त्या बंदुका पाठीवरच्या लाकडी सांगाड्याला बांधून जंगलातून चालत आणल्या. आग पेटवायची नाही. ओढ्याच्या पाण्यात सातूचं पीठ कालवून प्यायचं, तेच जेवण. आले तेव्हा त्यांच्या खांद्याची कातडी सदऱ्याला चिकटली होती. आईने गरम पाण्याने सदरा सोडवला. डोळ्यांनी दिसत नाही, तरी तिचाच हात सगळ्यांत हलका.

मी विचारलं, "लढाई कशी असते हो?"

म्हणाले, "चालायची असते. चालायचं, भुकेलं राहायचं, परत चालायचं. बंदूक उडते ती मधे कधीतरी."

गोळ्या इतक्या कमी आहेत की नव्या मुलांना रिकाम्या बंदुकीवर नेम शिकवतात. तोंडाने आवाज काढायला लावतात. मामंजी ते बघून आले आणि खूप हसले, हसता हसता खोकत राहिले.

मग गेल्या महिन्यात ते पलीकडच्या खोऱ्यात झालं. तुमच्या बाजूने फौज नदी ओलांडून आली होती, तुला माहीत असेलच. ते गाव आधीच रिकामं केलं होतं, धान्य पुरलं, कोंबड्यासुद्धा नेल्या. आमच्या माणसांनी दोन्ही डोंगरांवर बसून वाट पाहिली. आम्ही बायका पाठीमागच्या उतारावरून राळ्याचे गोळे डोक्यावर घेऊन चढलो. गारा पडत होत्या. पिल्दोची आई म्हणाली, "देवाला तरी ठरवता येत नाहीये बघ, कोणावर टाकायच्या ते." आवाज ऐकले. पाहिलं काहीच नाही. फौज माघारी गेली तेव्हा सगळे नाचले. मीही नाचले, दादा. तू तिच्यात नव्हतास हे आधी हान आजोबांना विचारून घेतलं होतं.

एक जखमी आमच्या घरी ठेवला होता. पोटात लागलं होतं. मिठाच्या पाण्याने धुतलं, सोयाबीनचं आंबवलेलं वाटण लावलं, आणखी आमच्याकडे काय असतं? तो दक्षिणेचा होता. त्याच्या बोलण्याच्या हेलाला आई हसायची, तो मुद्दाम हेल काढून तिला हसवायचा. तिसऱ्या दिवशी गेला. त्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. ते सगळे खोटी नावं घेतात, घरच्यांना त्रास नको म्हणून. पुरताना शाळेचे गुरुजी अडले, गावात प्रार्थनाही तेच म्हणतात. कोणाच्या नावाने प्रार्थना करायची? शेवटी "कोणाचा तरी मुलगा" म्हणाले.

आईने मला विचारलं, "दोल्सेचं वय त्याच्याएवढंच ना?"

तू मोठा आहेस. पण मी हो म्हटलं.

मालसुन


आठव्या महिन्याची अखेर

दादास,

तुझा निरोप हान आजोबांनी तोंडी सांगितला. "गाव रिकामं करा. पीक सोडा. या वेळची फौज मोठी आहे आणि ती लढायला येत नाहीये." आजोबांनी तो तीनदा घोकून घेतला होता, शब्द बदलू नये म्हणून.

मी तो गावाला सांगितला. मळणीच्या अंगणात सगळे जमले होते. बोकसिलचे बाबा आणि बंदुकवाले सगळे तेव्हाच निघून गेले होते, पश्चिमेच्या मोठ्या डोंगराकडे. राहिलेत म्हातारे, आजारी, गुरुजी, आणि कापणीसाठी थांबलेले काही.

"कोणी सांगितलं?" मामंजींनी विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं बहुतेक. मला सुचलंच नाही. मी म्हटलं, "माझ्या भावाने."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. पिल्दोचे वडील विळा पुसत म्हणाले, "पोलिसाने सांगितलं की पीक सोडा. आणि आपण सोडलं की मग पीक कोणाचं?"

"तो असा नाही," मी म्हटलं.

"अगं, असा नसता तर तिकडे असता का?"

गुरुजी मात्र म्हणाले, खरं असेल तर? मामंजींनी त्यांना विचारलं, "खरं असलं तरी जायचं कुठे? थंडी आली. मुलं, म्हातारी माणसं, आणि खायला हे एवढंच उभं आहे. रानात उपाशी मरायचं की घरात बसून त्यांना सांगायचं, आम्ही शेतकरी आहोत, बघा हात?" आणि त्यांनी हात पुढे केले. लोक विळे उचलून शेताकडे वळले.

निरोपाच्या शेवटी तू मला आईला घेऊन तिकडे यायला सांगतोस. आई अंगणापर्यंत चालते आणि बसते. मी तिला पाठीवर घेऊन नदीपर्यंत आले, तरी बोकसिलला कोण उचलणार? मामंजींना कोण सांभाळणार? आणि गावातून मी एकटी निघाले तर मागे काय बोलतील ते तुला कळत नाही का? म्हणतील, हिला फौज यायचा दिवस ठाऊक होता.

मला दिवस ठाऊक नाही. तुला ठाऊक असेल तर सांग. नाही, सांगू नकोस. सांगून मी काय करणार?

पिल्दोच्या आईने आज सगळं पुरलं, धान्य, किमचीचे रांजण, नवऱ्याचा चांगला कोट. मी म्हटलं, "तुमचा तर विश्वास नव्हता ना?" म्हणाली, "तुझ्या भावावर नाही. पण तुझ्या तोंडाकडे बघून भीती वाटली."

मालसुन


नववा महिना संपता संपता

दादा,

तू होतास. तरी लिहिते, कारण तू बराच वेळ पाठ करून उभा होतास.

सकाळी धुकं होतं. सैनिक ओढ्याच्या बाजूने आले. घराघरातून पुरुषांना बाहेर काढलं. मामंजींनी खरंच हात पुढे केले, पण बघायला कोणाला वेळ होता? मग माझ्या दारात तो अधिकारी आला आणि त्याच्या मागून तू. अंगात जपानी कोट. मला वाटलं होतं तू जाड झाला असशील. तू वाळला आहेस.

जोड्यांचा ढीग भिंतीशी होता. मी पुरायला हवा होता. कोट पुरले, जोडे राहिले. अधिकाऱ्याने बुटाने ढीग पसरला. तू आपल्या गावच्या बोलीत मला विचारलंस, "बाई, एवढे जोडे कोणासाठी?" बाई म्हणालास.

मी म्हटलं, "बाजारासाठी."

तू त्याला बरंच काही सांगितलंस. माझ्या एका शब्दाचं एवढं कसं झालं, मला कळेना. तो हसला आणि बाहेर गेला. गुरुजींच्या बायकोला थोडी जपानी येते, ती कुंपणाशी उभी होती. तिने नंतर मला सांगितलं. तू म्हणालास, हिचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर पळून गेला, ही जोडे विकून पोट भरते, गावात हिला कोणी विचारत नाही. आमचं घर त्यामुळे उभं आहे. गावात आणखी थोडीच न जळता उभी आहेत, आणि लोक माझ्या भिंतींकडे बघतात.

मग आई बाहेर आली. काठी नव्हती, भिंत चाचपत आली. "दोल्से! अरे, तुझा आवाज बसलाय. कोणी नाही का रे तुला आल्याचा काढा करून द्यायला?"

अधिकाऱ्याने तुला काहीतरी विचारलं. तू उत्तर दिलंस. गुरुजींच्या बायकोने तेही सांगितलं. "माहीत नाही कोण. म्हातारी भ्रमिष्ट दिसते." मग आईला म्हणालास, "म्हातारे, आत जा."

आई आत गेली. मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं की ऐकायला हवं.

यानंतर तू पाठ केलीस.

पुरुषांना शाळेत कोंडलं. आपल्या शाळेला कडी नाही, म्हणून दाराला पिल्दोच्या घरच्या बैलगाडीचा दांडा लावला. आम्हा बायकांना मळणीच्या अंगणात बसवलं, संगिनी समोर. गुरुजींनी आतून प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, मामंजींचा खोकला ऐकू येत होता. मग छपराला आग लावली. छप्पर गवताचं होतं, यंदाच शाकारलं होतं. मला एवढंच लिहिता येतं. खोकला थांबला ते मला कळलं, कारण मी तेवढाच ऐकत होते.

तुम्ही गेल्यावर आम्ही बायकांनीच खड्डे केले. कोण कोणाचं हे बटणांवरून, कंबरपट्ट्यावरून ठरवलं. जिथे ठरलं नाही तिथे भांडलो नाही. पिल्दोची आई अजून माझ्याशी बोलत नाही. बोलली एकदाच. "तुझा भाऊ खरं सांगत होता," म्हणाली. ते शिवीसारखं लागलं.

आई विचारते, "तो दोल्से नव्हता ना?" मी म्हणते, नव्हता. ती म्हणते, "आवाज तोच होता." मी म्हणते, आवाज सारखे असतात. मग ती भिंतीकडे तोंड करते.

ती जेवत नाही. म्हणून लिहिलं. नाहीतर लिहिणार नव्हते.

मालसुन


अकरावा महिना, नदी गोठली

दादा,

घाईत लिहिते. आई पहाटे गेली. शांतपणे गेली, तुझं नाव घेतलं नाही, माझंही नाही. तिच्या आईला हाक मारत होती.

तू येऊ नकोस.

बोकसिलचे बाबा परत आलेत. डोंगरात ते जिंकले म्हणतात, पण माणसं उरली नाहीत, गोळ्या उरल्या नाहीत, दोन्ही पायांची बोटं काळी पडलीत. सोबत चारपाच जण आहेत, मागच्या खोपटात राहतात. त्यांचा पुढारी कमी बोलणारा माणूस आहे. मी यांना काही सांगितलं नव्हतं. गावाने सांगितलं. स्वतःच्या वडिलांचं ऐकून हे दिवसभर अंगणात बसले. मग मला म्हणाले, "दुभाष्या तोच होता?"

मी केरसुणी उचलून अंगण झाडू लागले. आणि उत्तर टाळणं म्हणजे हो, हे लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला कळतं.

ते लोक म्हणतात, म्हातारी गेली, आता मुलगा येईलच. थोरला मुलगा न येऊन कसं चालेल? नदीकडच्या वाटेवर माणूस ठेवलाय. मी यांच्या पाया पडले. म्हणाले, "माझ्या हातात नाही." खरंच नसेल. मी त्या पुढाऱ्याच्या पाया पडले. तो म्हणाला, "ताई, उठा. आम्ही तुमच्याकडचं खातो. आम्हाला यात घालू नका." म्हणजे काय, ते त्यालाही धड सांगता आलं नाही.

विधी आम्ही करू, कसेही करू. आईला राग येणार नाही. तू ठाण्यातच राहा. आजोबा आत्ताच निघतायत.

मालसुन


बारावा महिना

वहिनीस,

आपण एकमेकींना लग्नानंतर पाहिलंच नाही. तुमचं अक्षर कसं आहे तेही मला माहीत नाही. हे पत्र तुमच्या नावाने लिहायची वेळ यावी, हे मनात नव्हतं. हान आजोबांनी तुम्हाला तोंडी सांगितलंच आहे. पण ते स्वतः तिथे नव्हते. मी होते, म्हणून लिहिते.

आजोबा माझं पत्र घेऊन नदी ओलांडत होते तेव्हा दादा वेगळ्या वाटेने ओलांडत होता. आई गेल्याचं कळायच्या आधीच तो तिला बघायला निघाला होता म्हणे. ठाण्यात सांगून आला नाही. अंगावर आपला साधा पांढरा सदरा, वर काही नाही. वाटेवरचा माणूस त्याला धरून अंगणात घेऊन आला. आई आत होती, पांघरूण घातलेली. त्याने आधी विचारलं, "कधी?" मी सांगितलं, काल. तो उंबऱ्यावर बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला, मोठ्याने, थोरल्या मुलाने रडावं तसा. त्या बंदुकवाल्यांनीही टोप्या काढल्या.

त्यांनी त्याला सगळं करू दिलं. तागाचे सुतकाचे कपडे मीच शिवले, त्याला आखूड झाले. दोन दिवस तो आईपाशी बसला. तिरडीला पुढे दादा, मागे बोकसिलचे बाबा. खांदा द्यायला गावात पुरुषच नाहीत, म्हणून त्या पुढाऱ्यानेही खांदा दिला. जमीन गोठलेली, कुदळ उसळत होती. दादा आणि हे, दोघे आळीपाळीने खणत होते. यांच्या पायाची बोटं गेलेली, तर दादा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही बसा." आणि हे बसले. त्या वेळी मला वाटलं, टळलं.

माती घालून अंगणात परतल्यावर यांनी विचारलं, "ती तुझी आई आहे, असं का सांगितलं नाहीस त्या दिवशी?"

दादा म्हणाला, "सांगितलं असतं तर त्यांनी तिलाच बसवून विचारलं असतं. कोण कुठे, कोणाचा मुलगा बंदूक घेऊन गेला. तिला सगळं ठाऊक होतं. आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं."

"आणि माझे वडील?"

दादाने कुदळीला चिकटलेली माती हाताने काढली. मग म्हणाला, "मी सांगितलं त्यांना, हे शेतकरी आहेत. नीट सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांनी मला फक्त एवढंच म्हटलं, हे आम्ही तुला विचारलं नव्हतं."

पुढारी म्हणाला, "नोकरी सोडायची होतीस."

"हो," दादा म्हणाला. बाकी काही नाही, वहिनी. तुमचं, मुलांचं कारण त्याने पुढे केलं नाही. मला ते तुम्हाला सांगायचं होतं.

गुरुजींची बायको मध्ये पडली. तिने माझ्या जोड्यांचं सांगितलं, सुया आल्या होत्या ते मी सांगितलं, निरोप खरा होता ते पिल्दोच्या आईने सांगितलं. हो, तिने. भर अंगणात उभी राहून म्हणाली, "आम्ही ऐकलं नाही, ही चूक त्याची का?" पुढाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. मला तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "याला सोडलं तर उद्या प्रत्येक दुभाष्याकडे एक बहीण असेल." मग त्याने यांच्याकडे पाहिलं. वडील यांचे गेले होते. यांनी नाही म्हटलं असतं तर कदाचित थांबला असता. यांनी बंदुकीला हात लावला नाही. नाही सुद्धा म्हटलं नाही. जमिनीकडे बघत राहिले.

मी तिथेच होते. पुढे झाले तर दोघांनी मला धरलं, हळूच धरलं, लागू नये असं. दादा म्हणाला, "मालसुन, आत जा. पोर बघते आहे." त्याला टेकडीमागे नेलं. एक गोळी झाडली. त्यांच्याकडे गोळ्या कमी आहेत.

आईशेजारी पुरलंय. ज्या कपड्यांत होता त्यांतच. गावाने हरकत घेतली नाही. बोकसिलचे बाबा दुसऱ्या दिवशी त्या लोकांबरोबर उत्तरेला निघून गेले, काठी टेकत. मी वाटेला लावायला गेले नाही आणि त्यांनी मागे पाहिलं नाही. परत आले तर मी दार उघडीन का, मला सांगता येत नाही. उघडीन बहुतेक. थंडी आहे.

नदी वितळायच्या आधी तुम्हाला यायचं असेल तर या. आलात तर कोणी काही बोलणार नाही, मी बोलू देणार नाही. नाही आलात तरी मला कळेल. मुलांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी माझ्या पोरीला अजून काही सांगू शकले नाही. त्या दिवशी सगळ्यांची पानं मांडली होती, त्याचंही मांडलं होतं. ती अजून विचारते, मामा न जेवताच का गेला.

मालसुन